उशी घट्ट धरा काका

हृदयाची बायपास होऊन दीड वर्ष झालं. सगळे विचारतात छातीत दुखतं का, पण खरं सांगू, मला जास्त पायानेच छळलं, कारण हृदयाला जोडायची शीर पायातून काढतात ना, पोटरीपासून वरपर्यंत टाके, आणि छातीचं हाड तारांनी बांधलेलं, ते जुळायला ६ ते ८ आठवडे तरी जातात, तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आणि शिंक! शिंक आली की देव आठवायचा.

आता दर गुरुवारी परळला एका वॉर्डात जातो, पेशंटशी गप्पा मारायला, बाकी काही नाही. (परळ म्हणजे तेच, जिथे केईएम हॉस्पिटलात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं.) परवा कळव्याचे एक भाजीवाले काका होते, फुफ्फुसांच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र जोरात फुंकत बसलेले. म्हटलं काका, फुंकायचं नाही, ओढायचं. एक गोळी कशीबशी वर गेली आणि खोकला सुटला, छातीच्या हाडाला धक्का नको म्हणून मी ओरडलो, उशी घट्ट धरा छातीशी!

मग हळूच म्हणाले, "उगाच रडू येतं हो. तुम्हाला यायचं का?"

"मला चहा गार झाला म्हणून रडू आलं होतं," मी सांगितलं.

बाजूच्या बेडवरचे आजोबा खो खो हसले आणि लगेच आई गं करत छाती धरली. काकांनी आपली उशी त्यांच्याकडे सरकवली.