हिरव्या नेटखालचा फोटो

लग्न लागून आज २२ दिवस झाले, हिशोबाचे पैसे पण मिळाले, तरी त्या लग्नातला एक फोटो काही डोक्यातून जात नाहीये. बायको म्हणाली एकदाचं लिहून काढा, म्हणून लिहितोय. गावाचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीपासून आत, कापसाचं गाव आहे, एवढं पुरे.

माझा छोटा स्टुडिओ आहे, १४ वर्षं झाली लग्नाच्या ऑर्डरी घेतो. लोकांना वाटतं मे महिन्यात आम्हाला सगळ्यात जास्त त्रास उन्हाचा होत असेल. ४४-४५ पारा असतो, त्रास होतोच, पण माझं खरं भांडण मांडवाच्या कापडाशी असतं. हल्ली अंगणावर हिरवी शेडनेट ताणतात, भाजीच्या नर्सरीवर असते तीच, स्वस्त पडते आणि सावली बरी देते. तिच्याखाली माणूस उभा राहिला की चेहरा शेवाळल्यासारखा दिसतो आणि वरून हळद लागली की असा काही रंग होतो की नवरीला कावीळ झाली वाटावं. आमच्या भागातली बरीच पोरं तसंच शूट करून नेतात आणि मग कॉम्प्युटरवर नवरीचं तोंड पांढरंफटक करून देतात, हात सावळे अन् तोंड गोरं, आणि घरचे पण खूश होतात. मला ते पाहवत नाही. पोरगी जशी आहे तशी दिसली पाहिजे, फक्त नेटचा हिरवा निघाला पाहिजे.

त्यासाठी मी हळद सुरू व्हायच्या आधी घरातल्या कोण्या म्हाताऱ्याचा पांढरा दुपट्टा नेटखाली धरायला लावतो आणि त्याच्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल अशी रंगाची जुळणी, मोजून घेतो. तरी नेटला फटी असतात, एका गालावर ऊन अन् दुसऱ्यावर हिरवी सावली असं होतं. म्हणून जो फोटो महत्त्वाचा वाटतो तो मी तिथंच, कॅमेऱ्यातच नीट करतो. माझा निकॉनचा डी७८० आहे, दोन कार्डांचा. एका कार्डावर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल, दुसऱ्यावर जेपीईजी, म्हणजे नेहमीचा तयार फोटो. रिटच मेनूत रॉ प्रोसेसिंग आहे, त्यात व्हाइट बॅलन्स परत बदलता येतो, एक चौकोन येतो, त्यात वर हिरवा, खाली मॅजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी, डावीकडे निळा, उजवीकडे अंबर म्हणजे पिवळट नारिंगी. मी ठिपका दोन-तीन घरं मॅजेंटाकडे नेतो, एक्स्पोजर जरासं उचलतो, बस. मूळ रॉ फाइलला हात लागत नाही, नवीन जेपीईजी वेगळा तयार होतो. कडेला कोणाचा कोपर किंवा पाण्याची टाकी आली असेल तर ट्रिम करून कापता पण येतं. त्या छोट्या स्क्रीनवर दुपट्टा पांढरा अन् हळद पिवळी दिसली की मला जे वाटतं ते १४ वर्षांनंतरही तेच आहे.

आता पाठवायचं. लोकांना फोटो आजच पाहिजे, आत्ताच पाहिजे, पंगत बसायच्या आधी "लिंक आली नाई का अजून" सुरू होतं. निकॉननं २०१६ मध्ये स्नॅपब्रिज नावाचं ॲप आणलं, त्यात कॅमेरा ब्लूटूथवर मोबाइलशी जोडलेला राहतो आणि फोटोची २ मेगापिक्सेलची लहान कॉपी मोबाइलमध्ये जाते. आपोआप सगळे पाठवायची सोय आहे, पण मी ती बंद ठेवतो, निवडून खूण केलेलेच पाठवतो. आमच्याकडच्या नेटवर्कला लहान कॉपीच झेपते, रॉ फाइल पंचवीस-तीस एमबीची, तिचं नाव पण काढायला नको. मोबाइलमध्ये गॅलरीचं ॲप असतं, ते नवीन फोटो उचलून क्लाउडवर चढवतं. गेटच्या बॅनरवर क्यूआर कोड छापलेला असतो, पाहुण्यानं तो स्कॅन करायचा, स्वतःचा सेल्फी टाकायचा, की ज्या-ज्या फोटोत त्याचा चेहरा असेल ते सगळे त्याला मिळतात. नवरीचा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, त्यानंच हट्टानं हे लावायला सांगितलं होतं.

नवरीचे वडील चार वर्षांआधी वारले. घरचं सगळं काका पाहतात. सकाळी साडेदहाच्या सुमारास नवरदेवाकडून उष्टी हळद आली, सोबत त्यांच्याकडच्या पाच-सहा बाया, त्यात नवरदेवाची आत्या. सवाष्णींनी एकेक करून हळद लावली. आई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी, हातात तेलाची वाटी, पाय बाहेर टाकत नव्हती. मी अशा चौकटी पुष्कळ पाहिल्यात, खरं सांगायचं तर त्यांच्याकडे कॅमेरा फिरवायचाच नाही अशी सवय लागली होती मला.

नवरी म्हणाली, "माय, ये ना वं."

"नाई वं, तू बस पाटावर."

पोरगी उठली. ओल्या अंगानं, हळदीचे थेंब गाळत चौकटीपाशी गेली, वाटी आईच्या हातून खाली ठेवली, तिचे दोन्ही तळहात धरले आणि स्वतःच्या गालांवर दाबले. मग स्वतःच्या गालाची हळद बोटावर घेऊन आईच्या कपाळाला लावली. मी सात फ्रेम घेतल्या. तिसरी फ्रेम अशी आहे की आईचे डोळे मिटलेले, पोरीचे उघडे, आईच्या मनगटावर एकच काळा दोरा, आणि पोरीच्या हातातून तेल मिसळलेली हळद तिच्या कोपरापर्यंत वाहत आलेली. नेटच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा नेमका दोघींच्या हातांवर. मागं डाव्या कडेला उष्ट्या हळदीचं ताट धरून आत्या उभी, तोंड एकदम स्पष्ट.

मी तिथंच भिंतीला टेकून तो फोटो प्रोसेस केला. कडा कापायच्या का असं मनात आलं होतं, पण आत्या काढली तर चौकट पण अर्धी जाते, आणि चौकटीशिवाय त्या फोटोत काही उरत नाही. म्हणून अख्खा ठेवला. खूण केली, पाठवला. कोणाला विचारलं नाही. चांगला आला होता, रंग मनासारखा बसला होता, एवढंच डोक्यात.

आता नेटवर्कची गोष्ट. गावात रेंज नव्हतीच. कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये फोटो येत होते, पण मोबाइलमधून वर जात नव्हते, दिवसभर रांगेत पडून होते आणि मी पण कामात पाहिलं नाही. संध्याकाळी साडेपाचला वरात आली, मी वरातीचा शॉट घ्यायला शेजारच्या गच्चीवर चढलो. तिथं हायवेच्या बाजूची रेंज येते. खिशातला मोबाइल गरम व्हायला लागला तेव्हा कळलं की सकाळपासूनचे सगळे फोटो एकदम चढून रायले. दीडशे-पावणेदोनशे. खाली बँड वाजत होता, नवरदेव घोड्यावर, आणि आत्यानं गेटवर क्यूआर स्कॅन करून सकाळीच सेल्फी टाकून ठेवला होता. तिच्या मोबाइलवर आलेल्या पहिल्या फोटोंमध्ये हाच होता, कारण त्यात तिचा चेहरा होता.

दहा मिनिटांत काका धापा टाकत गच्चीवर. "भाऊ, थो फोटो आत्ताच्या आत्ता काहाड. पाव्हणे बिघडले." खाली उतरलो तर आत्या सगळ्यांना मोबाइल दाखवत होती, "हळदीले थिचा हात लागला, अन् थे तुम्ही जगाले दाखवून रायले काय?" नवरदेवाच्या मामानं वरात दारातच थांबवली होती. मी मोबाइलवर डिलीट दाबलं तर खाली रेंज नाही, फिरत राहिलं नुसतं. परत गच्चीवर धावलो, तेव्हा निघाला. तोपर्यंत त्यांच्या घरच्या ग्रुपवर गेलेला होता. लिंकवरून काढला म्हणजे गेला असं लोकांना वाटतं, ॲप विकणारे पण "एका क्लिकवर कंट्रोल" सांगतात, पण ज्याच्या मोबाइलमध्ये उतरला त्याच्याकडे तो राहतोच.

लग्न लागलं, पाऊण तास उशिरा. नवरदेवानं मामाच्या हातातून मोबाइल घेतला, फोटो बराच वेळ पाहिला, काही न बोलता परत दिला आणि घोड्यावरून उतरला. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही.

रात्री जेवणानंतर काका परत आले, "कार्डातून पण काढ, माह्यासमोर." मी त्यांच्यासमोर जेपीईजीच्या कार्डावरचे ते सगळे फोटो एकेक करून डिलीट केले. दुसऱ्या कार्डाबद्दल बोललो नाही. रॉ अजून माझ्याकडे आहेत, सातही.

कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद करायचा ठराव केला होता, त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. मी नंतर या लग्नाच्या गावातल्या दोन-चार लोकांना विचारलं, कोणी ऐकलेलंही नव्हतं.

हे सगळं असं मी विसरून पण गेलो असतो. पण मागच्या आठवड्यात नवरीची आई एसटीनं स्टुडिओत आली, उरलेले पैसे द्यायला. नोटा रुमालात बांधलेल्या, मोजून दिल्या, पाणी प्यायली. उठता उठता म्हणाली, "भाऊ, थो माह्या हाताचा फोटो खराब निघाला होता का? सबन म्हणत होते काहाडून टाकला. मी पाह्यलाच नाई."

मी म्हणालो, "हो काकू, जरा हलला होता."

ती "असं काय" म्हणाली आणि गेली. तेव्हापासून माझं काही खरं नाही. आत्याला राग आला म्हणून काढला, काकांनी सांगितलं म्हणून पुसला, रंग चांगला आला म्हणून पाठवला, आणि जिचे हात आहेत तिनं तो आजपर्यंत पाहिलेला नाही. फोटो हलला होता हे मी, एवढं पाहून-पाहून रंग लावणारा माणूस, तिच्या तोंडावर बोललो.

काल नवरीला फोन केला, सगळं खरं सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "मले नका विचारू दादा, मायले विचारा. पण कोणी जवळ नसताना."

बाजाराच्या दिवशी तिची आई आर्णीला येते. मी ८ बाय १२ चे दोन प्रिंट काढून ठेवलेत, एक अख्खा, एक आत्या कापलेला. कापलेल्यात चौकट अर्धीच राहिलीये. दोन्ही एकाच पाकिटात आहेत, काउंटरच्या खणात.