आयोवाच्या रस्त्यावर रेडिओ ऐकत

2024 च्या सप्टेंबरात शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मावसभावाकडे होतो, तिथून आम्ही तिघं म्हणजे दादा, वहिनी आणि मी आयोवाची राजधानी डे मॉइनला निघालो, साधारण पाच तासांचा रस्ता. वहिनीचं ठरलेलं, गाडीत शिकागोचा पब्लिक रेडिओ लागणार. शांत आवाज, लांबलचक मुलाखती. दीडेक तासात तो खरखरायला लागला, कारण एफएमची धाव तेवढीच. दादाने एएम, म्हणजे मीडियम वेव्ह, लावला आणि एकदम माणूस ओरडायलाच लागला! सीमा, पेट्रोल, शाळा, सगळं कुणीतरी मुद्दाम बिघडवलंय म्हणे.

गंमत म्हणजे आम्ही चाललो होतो त्या टोल रस्त्याला माजी राष्ट्राध्यक्ष रेगनचंच नाव आहे, वाटेत डिक्सन लागतं तिथे त्याचं लहानपण गेलं, आणि डे मॉइनच्या डब्ल्यूएचओ नावाच्या रेडिओ स्टेशनवर 1930 च्या दशकात तो बेसबॉलची कॉमेंट्री करायचा. सामना शिकागोत, हा डे मॉइनच्या स्टुडिओत, तारेने येणाऱ्या चिठ्ठ्या वाचून डोळ्यांसमोर घडतंय असं सांगायचा. एकदा तार बंद पडली तर याने बॅट्समनकडून फाउलवर फाउल मारून घेतले, तार सुरू होईपर्यंत. हे तो स्वतःच रंगवून सांगायचा.

पुढे त्याच्याच काळात, 1987 साली, फेअरनेस डॉक्ट्रिन गेलं. रेडिओ-टीव्हीसाठी 1949 पासूनचा नियम, वादाच्या विषयावर दुसरी बाजूही ऐकवा असा. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो कायद्यात आणायचा प्रयत्न केला तर रेगनने व्हेटो केला. 1988 ला उजव्या विचारांचा रेडिओ निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू यायला लागला. पण या ओरडणाऱ्या रेडिओचं सगळं खापर नियम जाण्यावर फोडणं मला पटत नाही, कारण गाणी आधीच एएमवरून एफएमला गेली होती आणि रिकाम्या तासांना स्वस्तातला माल हवाच होता, एक माणूस आणि एक फोनलाइन, झालं काम. 1996 ला एमएसएनबीसी आणि उजव्या बाजूचं फॉक्स न्यूज ही दोन्ही न्यूज चॅनेल आली, पण ती केबल, घरी बसून बघायची. ट्रॅक्टरवर, ट्रकमध्ये दिवसभर सोबत रेडिओचीच. आणि मक्याचा भाव, डुकरांचा भाव, पाऊस हे सगळं त्याच स्टेशनवर, म्हणून लोक बटण फिरवतच नाहीत. हे मला तिथे जाईपर्यंत कळलं नव्हतं, मला वाटायचं लोक राग ऐकायला रेडिओ लावतात.

मोटेलमध्ये सकाळी वॉफल भाजत होतो, टीव्हीवर फॉक्स, शेजारचे आजोबा म्हणाले मी बातम्या बघतच नाही, हे आपलं चालू असतं. आयोवा 2008 आणि 2012 ला ओबामाकडे होतं, नंतर ट्रम्पकडे गेलं; आजोबांनीही एकदा ओबामालाच मत दिलेलं. मग काय बदललं विचारलं तर खांदे उडवले आणि माझ्या वॉफलकडे बोट दाखवलं. करपत होता.

परतताना पुन्हा तोच एएम. निवेदक एकाच वाक्याभोवती घिरट्या घालतोय, जाहिरात, परत तेच वाक्य, मिसिसिपी ओलांडली तरी तेच. वहिनी मागच्या सीटवरून झोपेतच म्हणाली,

"अहो, तार आली नाही वाटतं अजून?"