गावाने सांभाळलेलं पाणी

नोझावा ओन्सेन, नोव्हेंबर

तोक्योहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ईयामाला उतरले, तिथून बसने अर्धा तासही लागला नाही. नागानोच्या डोंगरात वसलेलं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. गल्ल्या अरुंद, चढाच्या. गटारांच्या जाळ्यांमधून वाफ येते आणि गंधकाचा वास पाठ सोडत नाही. वर बीच नावाच्या झाडांचं जंगल आहे, त्यांची पानं आता गळायला लागली आहेत.

गावात सार्वजनिक स्नानगृहं 13, त्यांना सोतोयू म्हणतात. दारावर ना तिकीट, ना माणूस. बाहेर एक लाकडी पेटी असते, तिच्यात मनाला येईल तेवढे पैसे टाकायचे आणि आत जायचं. मी आधी त्यातल्या ओयू नावाच्या स्नानगृहात गेले. उंच लाकडी छताची, देवळासारखी दिसणारी इमारत. आत आडोसा असा नाहीच, कपडे काढायची जागा आणि हौद एकाच खोलीत. संकोच वाटला, पण फार वेळ नाही. तिथे कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

हौद दोन, एक कढत आणि एक त्यातल्या त्यात सोसवेल असा. मी सोसवेल त्याच्या काठाशी बसून बादलीने अंगावर पाणी घेत होते, तरी कातडी लाल झाली. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आत बसलेल्या बाकीच्यांना काहीतरी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्यावरच त्यांनी गार पाण्याचा नळ सोडला, तोही थोडाच, आणि मला हाताने त्या बाजूला सरकवलं. पाणी सगळ्यांचं, म्हणून ते निववायचं तर सगळ्यांना विचारून. मला हे फार आवडलं.

ही स्नानगृहं चालवतं कोण, तर आसपासची घरं. त्यांच्या मंडळाला यूनाकामा म्हणतात आणि ही पद्धत एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) चालत आलेली आहे. घरं पाळीपाळीने हौद घासतात, दिव्याचं बिल वाटून भरतात. म्हणजे आज मी ज्या पाण्यात बसले, तो हौद इथल्याच कुणीतरी घासला होता, माझ्यासारख्या परक्या बाईसाठीसुद्धा. पेटीत नाणी टाकून याची परतफेड होत नाही. निदान बादली जागेवर ठेवणं आणि ओल्या अंगाने फळ्यांवर न फिरणं एवढं तरी आपण करावं.

दुपारी ओगामा पाहिलं. उगमाची कुंडं, पाणी जवळजवळ उकळतं, 90 अंशांच्या आसपास. कुंपणाच्या आत फक्त गावकऱ्यांनी जायचं. एक बाई जाळीच्या पिशवीत अंडी आणि भाजी बांधून पाण्यात सोडत होत्या. कुंपणाला टेकून मी बराच वेळ बघत राहिले. गावाचं हे स्वयंपाकघरच, तेव्हा आपण बाहेर राहावं हेच बरोबर.

हा नोझावानाचा हंगाम. मुळ्याच्या पाल्यासारखी लांब पानांची भाजी, मिठात घालून हिवाळाभर पुरवायची. काढणीनंतर ती सोतोयूच्याच गरम पाण्यात धुतात. संध्याकाळी एका स्नानगृहात जुड्यांचे ढीग पडलेले दिसले, बाया गुडघ्यावर बसून देठांतली माती काढत होत्या. मुक्कामाच्या घरी रात्री जेवताना तेच लोणचं वाढलं. देठ करकरीत, चव हलकी आंबूस. मी दोनदा मागून घेतलं.

गणेशपुरीची कुंडं आठवली. लहानपणी आईबरोबर जायचे, पाय बुडवून बसायचे. ती कुंडं उपसतं कोण, घासतं कोण, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. घरी गेल्यावर तिथे जाऊन विचारायचं आहे. वज्रेश्वरीला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावालासुद्धा.

उद्या पहाटे कुमानोतेआरायू या दुसऱ्या सोतोयूमध्ये. जखमी अस्वलाच्या मागावर गेलेल्या शिकाऱ्याला हा झरा सापडला, अशी कथा आहे, आणि भाजलेल्या जखमेवर हे पाणी गुणकारी असं गावात सांगतात. त्यानंतर वरच्या जंगलात चालायला. बस दुपारची आहे.