राज्यसभेच्या मताचा हिशेब

लोकसभेचा खासदार कसा निवडून येतो हे बडोद्यात कुणाला समजावून सांगायला नको. सावली, वाघोडिया आणि शहरातले पाच, असे सात विधानसभा मतदारसंघ. सगळ्यांत जास्त मतं त्याला जागा. राज्यसभेचं तसं नाही. गुजरातच्या ११ जागांसाठी मतदार फक्त १८२, म्हणजे आपले आमदार, आणि मतदान गांधीनगरला. त्यातली चुरस टीव्हीवर दिसते, हिशेब कुणी सांगत नाही.

राज्यसभा म्हणजे नुसता शिक्का, हेही अर्धंच खरं. अर्थविधेयक तिला १४ दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही. साध्या विधेयकावर तिढा पडला तर संयुक्त बैठक बोलावता येते आणि तिथे ५४३ विरुद्ध २४५ असा लोकसभेचाच जोर. अशा बैठकीत आजवर तीनच विधेयकं मंजूर झाली, १९६१, १९७८ आणि २००२ साली. घटनादुरुस्तीला मात्र ही पळवाट नाही. तिथे राज्यसभेत वेगळं विशेष बहुमत लागतंच, म्हणून एकेका जागेसाठी एवढी ओढाताण.

दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे गुजरातच्या तीन किंवा चार जागा एका वेळी निघतात. तीन असतील तर प्रत्येक मताचं मूल्य १०० धरायचं, १८२०० ला ४ ने (जागा अधिक एक) भागायचं आणि वर १ मिळवायचा. आले ४५५१. हा निवडून यायचा कोटा, म्हणजे ४६ आमदार. चार जागांना ३७ पुरतात. शंभराची भानगड अशासाठी, की आमदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतो आणि कोट्यावरची जादा मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे अपूर्णांकात वळवावी लागतात.

मत बाद होतं ते फार क्षुल्लक गोष्टीवरून. निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळं पेनच वापरायचं. नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा. तो देवनागरी, गुजराती, रोमन कसलाही चालतो, पण अक्षरी ‘एक’ लिहिलं की मत गेलं. दुसरी पसंती नाही दिली तरी हरकत नाही, पहिली हवीच. २००३पासून मतदान खुलं आहे: आमदाराने पत्रिका आपल्याच पक्षाच्या अधिकृत एजंटला दाखवायची, दुसऱ्या कुणालाही नाही. अपक्षाने तर कुणालाच नाही. विरोधात मत दिलं म्हणून पक्षांतरबंदीखाली आमदारकी मात्र जात नाही. फार तर पक्ष हाकलेल.

८ ऑगस्ट २०१७ला गुजरातच्या तीन जागांच्या मतदानात नेमकं इथेच अडलं. सहा राजीनाम्यांनंतर आमदार उरले १७६, कोटा ४५. काँग्रेसच्या दोघांनी पत्रिका भलत्यांना दाखवल्या म्हणून रात्री उशिरा आयोगाने ती मतं बाद केली. १७४ मतांवर कोटा ४४ झाला आणि काँग्रेसचे उमेदवार अहमद पटेल यांना मिळाली होती बरोबर ४४.

२०१९चा पेच वेगळा. अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेवर गेले आणि राज्यसभेच्या दोन जागा रिकाम्या झाल्या. मतदान एकाच दिवशी, ५ जुलैला, पण आयोगाने पोटनिवडणुका दोन वेगळ्या धरल्या. एकत्र धरल्या असत्या तर एका जागेला एक तृतीयांशाहून थोडी जास्त मतं पुरली असती. वेगळ्या धरल्यावर प्रत्येक जागेला निम्म्याहून जास्त लागतात, म्हणजे बहुमतवाल्या पक्षाला दोन्ही. नियमात ते बसतं, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या हेतूत मला तरी बसत नाही. पोटनिवडणुकीतून आलेल्यांना सहा वर्षंही मिळत नाहीत, आधीच्याची उरलेली मुदत तेवढीच. या दोन्ही जागांची ऑगस्ट २०२३ला संपली.