‘लागू नाही’ या उत्तराला शून्य गुण

वडगावच्या एका विणकर काकांच्या तळहातांवर सोरायसिस होता. कातडी जाड आणि पांढुरकी झाली होती, तिचे पापुद्रे सुटत होते आणि बोटांच्या पेरांवर खोल भेगा पडल्या होत्या. अंगावर इतरत्र मात्र एकही चट्टा नव्हता. आजाराने त्वचेचा किती भाग व्यापला आहे हे ठरवताना बोटांसह एक तळहात म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का असे आम्ही धरतो. त्या हिशेबाने काकांचा आजार जेमतेम २ टक्के भरत होता. काकांचे म्हणणे निराळे होते. ताण्याचा रेशमी तार भेगेत अडकून तुटतो, तुटलेला तार सांधायला बोटांची टोकेच लागतात, आणि दुखतात तीही तीच. एकदा पदरावर रक्ताचा ठिपका पडला आणि व्यापाऱ्याने ती साडी परत केली. हे सांगताना त्यांनी हात टेबलाखाली घेतले होते.

बेळगावात त्वचारोगांची तज्ज्ञ म्हणून काम करताना आणि दर गुरुवारी खानापूरला रुग्ण तपासायला जाताना, चट्ट्याचा आकार आणि माणसाचे हाल यांचे प्रमाण जुळत नाही हे मला रोज दिसते. ही तफावत मोजण्याचे जे साधन जगभरच्या संशोधनात सर्वाधिक वापरले जाते, त्याविषयी मला आज लिहायचे आहे, कारण ते मला अत्यंत मोलाचे वाटते आणि आमच्या भागातल्या बायकांच्या बाबतीत ते कुठे तोकडे पडते हेही मी पाहिले आहे.

वेल्समधील कार्डिफ येथे अँड्र्यू फिनले आणि त्यांचे सहकारी खान यांनी १२० त्वचारुग्णांना आजारामुळे त्यांच्या जगण्यात काय काय बदलले हे विचारले, आणि त्या उत्तरांतून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार करून ती १९९४ साली प्रसिद्ध केली. ‘डर्मेटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘डीएलक्यूआय’ म्हणतात. प्रश्न गेल्या आठवड्यापुरते असतात: खाज, आग किंवा वेदना किती झाली, लाज किंवा संकोच किती वाटला, बाजारहाट आणि घरकाम, कपड्यांची निवड, लोकांत मिसळणे, खेळ, नोकरी किंवा शिक्षण, जवळच्या माणसांशी संबंध, शरीरसंबंध यांत किती अडचण आली, आणि शेवटी, उपचारांचाच किती त्रास झाला. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ३०. बेरीज १० च्या वर गेली की आजाराचा जगण्यावर फार मोठा परिणाम होत आहे असे मानतात. सोरायसिसमध्ये औषध बदलायचे का, अधिक प्रभावी उपचार द्यायचे का, हे ठरवताना अनेक देशांत या आकड्याला वजन असते. विणकर काकांची बेरीज १७ आली, आणि २ टक्क्यांच्या आजाराला गोळ्या सुरू करण्याचा माझा निर्णय त्यामुळे सोपा झाला.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी हे प्रश्न वाचून दाखवते, आणि तेव्हा शब्दांची पारख होते. खाज, आग, चुणचुण, ठणका यांतला फरक इथल्या रुग्णांना शिकवावा लागत नाही. नायटा खाजतो, नागीण ठणकते, हे त्यांना ठाऊक असते. अडते ते दुसऱ्या प्रश्नापाशी. ‘लाज वाटली का?’ असे विचारले की बायका दुखावतात, कारण लाज वाटायला आपण काय वावगे केले असा त्यांचा रास्त सवाल असतो. ‘चारचौघांत कानकोंडे झाल्यासारखे वाटले का?’ असे समजावून सांगितले की मान लगेच हलते.

आता ज्या मावशींमुळे हे लिहायला बसले त्यांच्याविषयी. त्या जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीतून आल्या होत्या, वय पन्नाशीच्या पुढे, नवरा वारून बरीच वर्षे झालेली. परकराच्या नाडीखाली कमरेभोवती आणि जांघांत नायटा पसरला होता. दुकानातून सांगून आणलेले मलम त्या सात महिने लावत होत्या. अशा मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते; स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज शमते, म्हणून मलम गुणकारी वाटते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात. स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली अशा १४ औषधांना चिठ्ठीच्या यादीत आणले, तरीही माझ्याकडे येणाऱ्या नायट्याच्या बहुतेक रुग्णांच्या पिशवीतून अशी एखादी पिळून चपटी झालेली नळी निघतेच. शिवाय टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी, २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळालेली बुरशी आता आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळते, त्यामुळे पूर्वी काही आठवड्यांत आटोपणारा हा आजार आता महिनोन् महिने रेंगाळतो.

मावशींना मी प्रश्न विचारू लागले. खाजेला त्यांनी पूर्ण ३ गुण दिले, संकोचाला २. घरकामाला १, कारण काम तर करावेच लागते. कपड्यांच्या निवडीवर त्या नुसत्या हसल्या; नेसायच्या साड्या दोनच. लोकांत मिसळण्याचे विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘मी कुठं जातो आता?’’ (आमच्याकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात.) खेळाचा प्रश्न विचारताना मलाच अवघडल्यासारखे झाले. शेतकाम थांबले नव्हते, रोपलावणी गुडघाभर चिखलात उभे राहून चालूच होती, म्हणून कामाच्या प्रश्नाला १. नातलगांशी अडचण काही नाही. शरीरसंबंधाचा प्रश्न लागूच नव्हता. उपचारांच्या त्रासाला १. बेरीज झाली ८, म्हणजे ‘मध्यम’ परिणाम.

मला तो आकडा पटला नाही, कारण चार प्रश्नांना त्यांनी ‘लागू नाही’ असे उत्तर दिले होते आणि प्रश्नावलीच्या नियमाप्रमाणे ‘लागू नाही’ म्हणजे शून्य; अजिबात त्रास नसलेल्या माणसालाही शून्यच मिळते. हा दोष केवळ आमच्या भागातला नव्हे. हंगेरीतील संशोधकांनी सोरायसिसच्या रुग्णांमध्ये तो तपासून २०१८ साली गुण मोजण्याची सुधारित रीत सुचवली: लागू नसलेले प्रश्न वगळायचे आणि उरलेल्या प्रश्नांच्या प्रमाणात बेरीज वाढवायची. मावशींचे ८ गुण सहाच प्रश्नांवरचे होते. दहाच्या प्रमाणात ते १३ च्या वर जातात. ‘मध्यम’ असलेला आजार ‘फार मोठ्या’ परिणामाच्या रकान्यात गेला.

तरीही एक गोष्ट कोणत्याच सूत्रात बसत नाही. मी पुढे विचारले, ‘‘मावशी, आधी जात होता का?’’ तेव्हा कळले की आधी त्या हळदीला, बारशाला, गावच्या जत्रेला सगळीकडे जात. पंगतीत बसल्यावर कमरेकडे हात जातो आणि शेजारची बाई सरकून बसते, हे दोनदा घडल्यावर त्यांनी जाणेच सोडले. म्हणजे जे उत्तर ‘लागू नाही’ म्हणून नोंदले गेले, ते आजाराचेच फळ होते. युरोपातील १३ देशांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात त्वचारुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांना नैराश्य आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत ते ४ टक्क्यांच्या आसपास होते. असे आकडे वाचताना मला शेजारणीचे ते सरकून बसणे आठवते.

उपचारांच्या प्रश्नाला मावशींनी एकच गुण दिला हेही मला खटकले. कपडे रोज बदला, कोरडे घाला, ऊन दाखवा असे आम्ही सांगतो, पण कणकुंबी-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर ऊन असते कुठे? त्या चुलीवरच्या दांडीवर परकर वाळवत, आणि तो सकाळी नेसायच्या वेळीही नाडीपाशी ओला असे. शेवटी नाडी काढून वेगळी वाळवायची आणि परकर तव्याच्या गरम बुडाने शेकून घ्यायचा, हा उपाय त्यांनीच शोधला. मी तो आता इतरांना सांगते.

तेव्हापासून केसपेपरवर बेरजेशेजारी मी ‘लागू नाही’ किती वेळा आले तो आकडाही लिहिते, आणि अशा प्रत्येक उत्तरानंतर ‘आधी?’ असे विचारते. कोडाच्या रुग्णांत याचा विशेष उपयोग झाला. त्यांना खाज नसते, काम अडत नाही, आणि बेरीज अनेकदा इतकी कमी येते की लग्न जमवताना घरात चाललेली चर्चा तिच्यात कुठेच दिसत नाही.

मावशी मलम थांबवून इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्यांवर होत्या. दसऱ्यानंतर आल्या तेव्हा खाज ३ वरून १ वर आली होती. पाचव्या, लोकांत मिसळण्याच्या प्रश्नाला मात्र शून्याऐवजी त्यांनी १ गुण दिला. भाचीच्या ओटीभरणाला गेल्या होत्या, आणि तिथे सगळा वेळ पदर कमरेशी गच्च धरून बसल्या होत्या.