कापलेली हिरवी वायर

गेली २२ वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय. या काळात बेस कुठला चांगला यावर इतक्या गप्पा मारल्यात की विचारू नका, चार तारा की पाच, ॲक्टिव्ह (आत बॅटरी असलेला) की पॅसिव्ह (बिनबॅटरीचा), तारा राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) की फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या). माझं मत पक्कं आहे. फेंडरच्या प्रिसिजन टाइपचा साधा पॅसिव्ह बेस, चार तारा, वर फ्लॅटवाउंड. लावणीला ढोलकीच्या धुमच्या (खर्जाच्या) बाजूला बेसने लोळत राहायचं नसतं, सूर लागला की लगेच आवरायचा, ते फ्लॅटवाउंडवर छान होतं, आणि ॲक्टिव्हची ९ व्होल्टची बॅटरी ऐन कार्यक्रमात बसायची भीती नको. पण त्या दिवशी जे झालं ना, तेव्हापासून कोणी नवीन पोरगा गिअरबद्दल विचारायला आला की मी आधी त्याला प्लगबद्दल विचारतो.

नवरात्र होतं, सातारा जिल्ह्यातलं एक गाव, मैदानावर कार्यक्रम. दुपारी तीनला पोचलो तर नुकतीच मोठी सर येऊन गेलेली, स्टेजवरचं लाल मॅटिंग पिळलं तर पाणी निघेल असं ओलं. देवीची मूर्ती स्टेजला लागूनच बसवलेली, म्हणून मंडळाच्या पोरांनी पायरीपाशीच सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या. देवीसमोर चपला घालून कोण उभं राहणार, आम्हीही राहिलो नसतो. म्हणजे ओल्या मॅटिंगवर आम्ही सगळे अनवाणी.

लाइटसाठी जनरेटर आणि साऊंडला शेजारच्या हॉलमधून ओढलेली लाइन, असं काहीतरी मिक्स होतं. बेसचा अँप भाड्याचा. साऊंडचेकला तिसऱ्या फ्रेटचा खालचा जी वाजवला आणि स्पीकरमधून तो हलायला लागला, सेकंदाला एकदा वर-खाली, वर-खाली. मला वाटलं तार उतरली. ट्यूनर लावला, बरोब्बर. मग कळलं, लाइनचा हम आहे, म्हणजे विजेचा घूं असा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ आणि तो जी ४९ हर्ट्झ, दोन्ही इतके जवळ की एकमेकांवर आपटतात आणि सूर झुलल्यासारखा वाटतो. साऊंडवाल्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघतो दादा, पाच मिनिटं द्या." मी चहाला गेलो, आलो तर हम गायब. मला बरंच वाटलं. का गेला ते मी विचारलं नाही, आणि तीच माझी चूक.

साडेसहाला शेवटचा चेक. मी कोरसला गातो, त्यामुळे माझ्यासमोरही माइक असतो. डावा हात तारांवर, आणि "हॅलो" म्हणायला पुढे झुकलो तर ओठ माइकच्या जाळीला लागला, आणि फाडकन दात हलल्यासारखं झालं. मी मागे फेकलो गेलो, ढोलकीवाल्याच्या स्टँडवर. तोंडात तांब्यासारखी चव, डावा हात खांद्यापर्यंत बधिर. सगळे धावत आले, कीबोर्डवाला मला उठवायला हात पुढे करत होता, मी ओरडलो की बेसला कोणी हात लावू नका. गायिका ताई समोरच उभ्या होत्या, त्यांचा माइक माझ्यापासून चार फुटांवर. त्यांनी गाताना सहज माझ्या खांद्यावर हात ठेवायची पद्धत आहे, प्रेक्षकांना आवडतं ते. तो विचार आला आणि पोटात गोळा आला.

बॅगेत मल्टिमीटर असतो माझ्या. एक टोक बेसच्या ब्रिजला (तारा अडकतात त्या पट्टीला), दुसरं माइकच्या जाळीला, आणि मीटरवर १९० व्होल्टच्या वर. टेस्टर तारेला लावला तर लखलखीत पेटला.

आता हे कसं होतं ते सांगतो. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अँपला अर्थ, म्हणजे अर्थिंग, असेल तर तारा सुरक्षित. अर्थ नसेल आणि अँपमध्ये आत कुठे लीकेज असेल, तर तो करंट तारांवर येऊन बसतो आणि वाट बघतो. माइक मिक्सरमार्फत अर्थला जोडलेला. मध्ये कोण? आपण. एक हात तारेवर, ओठ माइकवर, आणि वाट छातीतून. १९७२ साली स्वॉन्सीमध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर असाच गेला, गिटार हातात आणि अर्थ नसलेला माइक. आमच्याकडे उलटं होतं, माइक ठीक, अँप बिघडलेला. शरीराला त्याने काही फरक पडत नाही.

अँपचा प्लग काढायला गेलो तर तिथे प्लगच नव्हता. वायरची दोन टोकं सोलून सॉकेटमध्ये खुपसलेली, वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. तिसरी, हिरवी, दोन इंच मागे कापून काळी टेप गुंडाळलेली. टेप नवीन होती, चकचकीत. काकांचा मदतनीस पोरगा, अठरा-एकोणीसचा असेल, पांढरा पडला होता. म्हणाला, "हम येत होता दादा, अर्थ कापली की जातो, सगळे असंच करतात." आणि डीआय बॉक्सवरचा (बेसचा आवाज मिक्सरकडे पाठवणारी डबी) ग्राउंड लिफ्टही, म्हणजे मिक्सरकडची अर्थ तोडणारा स्विच, दाबलेला. म्हणजे अर्थला जायच्या दोन्ही वाटा बंद. हम अर्थच्या लूपमुळे, म्हणजे अर्थला जायच्या दोन वाटा झाल्यामुळे, येत होता, तर एकटा लिफ्ट दाबूनही गेला असता, तो स्विच असतो त्याचसाठी. अर्थ कापायची गरजच नव्हती.

त्याला मी रागावलो नाही. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि २२ वर्षांत मीही किती स्टेजवर न बघता केबल लावली असेल.

अँप बाजूला काढला. बेस डीआयमधून सरळ मिक्सरला, लिफ्टचा स्विच सोडलेला. आता तारा आणि माइक एकाच अर्थवर. पुन्हा मीटर लावला, शून्य. ताईंच्या माइकपासून, माझ्यापासून, ढोलकीच्या माइकपासून, सगळीकडून दोन-दोनदा बघितलं. मंडळाच्या सेक्रेटरींना सांगून बोर्डावर ३० मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला, त्यांच्याच ओळखीचा वायरमन आला, बिचारा जेवण सोडून. सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला, लोक शिट्ट्या मारत होते, ताईंनी माइकवर फक्त एवढंच सांगितलं की थोडी तांत्रिक अडचण होती. दहाला स्पीकर बंद करावेच लागणार होते, त्यामुळे तीन गाणी कापली. मॉनिटरमधून बेस नीट ऐकू येत नव्हता, अर्धा कार्यक्रम ढोलकीवाल्याच्या मनगटाकडे बघून वाजवला. पहिल्या कोरसला ओठ माइकजवळ नेताना मान आपोआप मागे गेली, ते पुढचे दोन महिने चालू होतं.

बांधाबांध चालली होती तेव्हा सेक्रेटरींनी त्यांच्या दुकानातून नवा थ्री पिन टॉप आणून दिला. मी आणि तो पोरगा स्टेजच्या पायरीवर बसलो. वायर त्यालाच सोलायला लावली, स्क्रूही त्यानेच आवळले. हिरवी वायर बाकी दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवायला सांगितली, म्हणजे उद्या कोणाचा पाय अडकून केबल खेचली गेली तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल.