‘गेटवे ऑफलाइन आहे’ या तक्रारीनंतरचा पहिला अर्धा तास

तांत्रिक साहाय्याच्या कामात माझ्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडणारे वाक्य म्हणजे ‘गेटवे ऑफलाइन आहे’. गेटवे म्हणजे सेन्सरची माहिती मोबाइलच्या जाळ्यातून सर्व्हरपर्यंत पोहोचवणारे यंत्र. वाक्य खरे असते, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. सेन्सर आणि सर्व्हर यांच्यामध्ये सिम, मोडेम, अँटेना, ऑपरेटरचे जाळे, आयपी पत्ता, घड्याळ, सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र, व्हीपीएनचा टनेल (सर्व्हरपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) आणि शेवटी ब्रोकर (संदेश स्वीकारून पुढे वाटणारा सर्व्हर) अशी लांबलचक साखळी असते, आणि तिची कोणतीही कडी निखळली तरी डॅशबोर्डवरचा ठिपका एकाच रंगाने लाल होतो. कोणती कडी निखळली ते शोधायचे असते, आणि तेही बहुतेक वेळा दूर कुठेतरी यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी.

म्हणून माझी पहिली विनंती ठरलेली असते: कृपया गेटवे बंद करून चालू करू नका. ही विनंती करेपर्यंत ते दोनदा करून झालेले असते, हा भाग वेगळा. अनेक लहान गेटवे आपला लॉग (घडामोडींची नोंद) तात्पुरत्या मेमरीत ठेवतात आणि वीज गेली की तो पुसला जातो. बिघाड नेमका कधी सुरू झाला, त्याआधी मोडेमने काय उत्तर दिले, टनेल आधी तुटला की नेटवर्क आधी गेले, ही सारी माहिती त्या एका स्विचबरोबर नाहीशी होते. फॅक्टरी रिसेट तर याहून महाग पडतो, कारण त्यात एपीएन (ऑपरेटरच्या डेटा सेवेत शिरण्यासाठी द्यायचे नाव), व्हीपीएनच्या किल्ल्या आणि रूटिंगचे नियमही जातात, आणि जे काम फोनवर झाले असते त्यासाठी कोणाला तरी लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष जावे लागते. यंत्र चालू असतानाच लॉग उतरवून घ्यावा, कॉन्फिगरेशन फाइलची प्रत काढावी, आणि मगच कशालाही हात लावावा.

त्यानंतर मी तळापासून वर चढतो. मोडेमला सिम दिसते का, हा पहिला प्रश्न. सिमला पिन असेल आणि गेटवेमध्ये जुन्या सिमचा पिन साठवलेला असेल, तर काही गेटवे प्रत्येक सुरुवातीला तो चुकीचा पिन इमानेइतबारे पुन्हा पाठवतात. तीन चुकांनंतर सिम पीयूके (कुलूपबंद सिम उघडणारा कोड) मागते आणि पीयूके १० वेळा चुकला की ते सिम कायमचे निकामी होते. सतत बंद-चालू करण्याचे नुकसान असेही होऊ शकते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

सिम ठीक असेल तर नेटवर्कवरील नोंदणीकडे यायचे. एलटीई मोडेमला नोंदणीची स्थिती विचारली की तो एक आकडा देतो: १ म्हणजे स्वतःच्या नेटवर्कवर नोंदणी झाली, ५ म्हणजे रोमिंगमध्ये झाली, २ म्हणजे शोध चालू आहे आणि ३ म्हणजे नेटवर्कने नकार दिला. २ आणि ३ यांतला फरक माझ्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे. २ दिसत असेल तर अँटेना, तिची केबल, जागा आणि फ्रिक्वेन्सी बँड तपासायचे. ३ दिसत असेल तर अँटेना हलवत बसण्यात काही अर्थ नाही, कारण टॉवर व्यवस्थित ऐकू येतो आहे आणि त्यानेच दार लावले आहे. अशा वेळी सिम सुरू झालेले आहे का, ते एखाद्या ठरावीक आयएमईआयला (मोडेमच्या ओळख क्रमांकाला) बांधलेले आहे का, हे ऑपरेटरकडून विचारून घ्यावे लागते. ५ दिसूनही डेटा येत नसेल, तर गेटवेमधले रोमिंगचे सेटिंग बंद असण्याची शक्यता मोठी असते. आयओटीसाठी (नेटवर्कला जोडलेल्या यंत्रांसाठी) दिली जाणारी अनेक सिम कायमच रोमिंगमध्ये चालतात आणि हे सेटिंग मात्र बऱ्याच यंत्रांत मुळात बंद असते.

नकाराची एक चिवट शेपटी आहे, जिने मला सुरुवातीच्या काळात फार छळले. नेटवर्कने विशिष्ट प्रकारचा नकार दिला की त्या नेटवर्कचा क्रमांक ‘निषिद्ध’ यादीत लिहिला जातो आणि ही यादी गेटवेमध्ये नसून सिममध्ये असते. पुढे ऑपरेटरने आपली चूक सुधारली तरी मोडेम त्या नेटवर्ककडे आपणहून फिरकत नाही. आपण गेटवे बदलतो, नवा गेटवेही तसाच रुसतो, आणि मग दोष ‘या मॉडेलचा’ ठरवून मोकळे होतो. नेटवर्क हाताने निवडून एकदा नोंदणी यशस्वी झाली की ते नाव यादीतून निघते, किंवा मोडेमला थेट दिल्या जाणाऱ्या एटी कमांडने ती यादीच पुसता येते.

आता रेंजविषयी. ‘रेंज फुल आहे’ हे विधान मी नोंदवून घेतो, पण त्यावर विसंबत नाही. काड्या किती दाखवायच्या हे यंत्र बनवणारा ठरवतो, म्हणून मी आकडे मागतो. जुना परिचित आकडा ० ते ३१ या पट्टीत येतो. त्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम या एककात संकेताची शक्ती मिळते आणि ९९ आला तर मोजमापच झालेले नाही असे समजायचे. परंतु या आकड्यात शेजारच्या टॉवरचा गोंगाटही मोजला जातो. एलटीईमध्ये खरे चित्र आरएसआरपी (टॉवरच्या संदर्भ संकेताची शक्ती), आरएसआरक्यू (त्या संकेताची गुणवत्ता) आणि एसआयएनआर (संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर) या तिघांकडून एकत्र मिळते. आरएसआरपी उणे ८५ डीबीएम, म्हणजे उत्तम, आणि एसआयएनआर मात्र उणे २ डेसिबल, अशी जोडी दिसली तर काड्या भरलेल्या असूनही डेटा रखडत चालणार, हे मी न पाहता सांगू शकतो. उलट आरएसआरपी उणे १०८ असूनही एसआयएनआर १२ असेल, तर थोडासा डेटा पाठवणारा गेटवे तिथे वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतो. पहिल्या जागी अधिक शक्तीची अँटेना लावून उपयोग नसतो, कारण ती गोंगाटही तितकाच वाढवते. तिथे दिशादर्शक अँटेना लावून गोंगाटाकडे पाठ फिरवावी लागते किंवा दुसऱ्या बँडवर जावे लागते.

अँटेना उंच नेण्याचा मोह सर्वांना होतो आणि तो नेहमीच चुकीचा नसतो, पण बारीक केबल त्या उंचीची किंमत वसूल करते. गेटवेबरोबर येणाऱ्या आरजी १७४ सारख्या पातळ केबलमध्ये मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीवर दर मीटरला साधारण १ डेसिबल किंवा त्याहून अधिक घट होते. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी, आणि ५ मीटरची अशी केबल लावली तर एक तृतीयांशही उरत नाही. याहून विनोदी प्रकार म्हणजे वाय-फायची अँटेना मोबाइलच्या पोर्टवर बसवणे. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जोडण्यांचे आटे सारखेच असल्याने ती घट्ट बसते, पण पोर्टच्या मधोमध छिद्र आणि अँटेनाच्या मधोमधही छिद्रच असल्यामुळे तार तारेला टेकतच नाही. यंत्रासमोरच्या माणसाला मी अँटेना काढून मध्यभागी सुई दिसते का, एवढेच विचारतो. पलीकडे काही क्षण शांतता पसरली की उत्तर मिळालेले असते.

नोंदणी झाली, रेंजही चांगली आहे, पण आयपी पत्ता मिळत नाही, असे असेल तर संशयाची सुई एपीएनकडे वळवावी. ‘ऑटो’ ठेवलेला एपीएन सिमच्या ओळख क्रमांकातील पहिल्या आकड्यांवरून ऑपरेटर ओळखतो आणि बहुधा सामान्य फोनचा एपीएन भरतो, तर आयओटी सिमला तिचा स्वतःचा वेगळा एपीएन लागतो. मजकूर चिकटवताना शेवटी आलेली एक रिकामी जागाही पुरेशी असते. ती पडद्यावर दिसत नाही आणि नेटवर्कला मात्र दिसते. सुदैवाने येथे नेटवर्क कारण सांगते: लॉगमध्ये २७ क्रमांक असेल तर एपीएन चुकीचा किंवा अज्ञात आहे, २९ असेल तर वापरकर्तानाव किंवा पासवर्डची गडबड आहे, आणि ३३ असेल तर त्या सिमच्या योजनेत ही सेवाच नाही. हे तीन आकडे पाठ असले तर तासाभराचे काम दोन मिनिटांत होते, आणि लॉग पुसू नका असे मी का म्हणतो तेही येथे कळते.

आयपी पत्ता मिळाल्यावर तो वाचण्याची सवय ठेवावी. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर आपण ऑपरेटरच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) आहोत. हा पट्टा २०१२ साली खास त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा गेटवेवर पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरची जोडणी आत वळवण्याचे) कितीही नियम लिहिले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, कारण दार आपल्या हातात नसून ऑपरेटरच्या हातात असते. गेटवेने स्वतः बाहेरच्या सर्व्हरपर्यंत टनेल उघडावा आणि आपण त्या टनेलमधून आत यावे, हा सरळ मार्ग आहे. खासगी एपीएन किंवा स्थिर सार्वजनिक पत्त्याचे सिम हेही पर्याय आहेत; मात्र सार्वजनिक पत्ता घेऊन मूळ पासवर्ड तसाच ठेवणाऱ्यांनी २०१६ सालचा मिराई बॉटनेट (कब्जा केलेल्या यंत्रांचे जाळे) आठवावा. तो अशाच यंत्रांच्या मूळ पासवर्डांवर पोसला गेला होता.

टनेलपाशी पोहोचलो की मी घड्याळ विचारतो, आणि समोरचा माणूस हमखास गोंधळतो. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेला गेटवे वीज येताच काही वेळा १ जानेवारी १९७० या तारखेला जागा होतो. त्या दिवशी आपल्या सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून वैधच झालेले नसते, म्हणून टीएलएसची (सांकेतिक, सुरक्षित) जोडणी नाकारली जाते आणि लॉगमध्ये प्रमाणपत्राच्या नावाने बोंब दिसते. मग लोक प्रमाणपत्रे नव्याने बनवतात. वेळ जुळवून घ्यायला यूडीपी १२३ पोर्ट मोकळा लागतो आणि खासगी एपीएनमध्ये तो अनेकदा बंद असतो. एका ठिकाणी वेळेचा सर्व्हर टनेलच्या पलीकडे ठेवला होता आणि टनेल उघडायला बरोबर वेळ हवी होती. दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबले होते. वायरगार्ड या प्रकारच्या व्हीपीएनमध्ये प्रमाणपत्र नसते, म्हणून तो या कटकटीतून सुटला असे वाटते, पण त्याच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर सर्व्हर तो संदेश गुपचूप टाकून देतो. घड्याळ मागे गेलेला गेटवे त्यामुळे रिबूटनंतर हाका मारत राहतो आणि पलीकडून कोणी उत्तर देत नाही.

पिंग (समोरून उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश) जाते, पण पान उघडत नाही किंवा टीएलएस मध्येच अडकते, अशी तक्रार असेल तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) कमी करून पाहावा. याविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही.

माझ्या आठवणीतले सर्वांत फसवे प्रकरण मात्र रेडिओचे नव्हतेच. एका ठिकाणचे आठ गेटवे दर काही सेकंदांनी जोडले जात आणि तुटत. रेंज उत्तम, पत्ता बरोबर, घड्याळ बरोबर. सात बंद करून एकच चालू ठेवला की तो दिवसभर स्थिर राही, आणि दुसरा चालू केला की दोघांची उठबस सुरू होई. एक गेटवे नीट बसवून त्याचीच कॉन्फिगरेशन फाइल उरलेल्या सातांत उतरवली होती आणि तिच्याबरोबर एमक्यूटीटीचा (ब्रोकरशी संदेशांची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीचा) क्लायंट आयडीही उतरला होता. एकाच आयडीचा दुसरा क्लायंट आला की ब्रोकरने पहिल्याला काढून टाकावे, असा एमक्यूटीटीचा नियमच आहे; काढलेला पुन्हा येतो आणि दुसऱ्याला घालवतो. ब्रोकर बिचारा नियम पाळत होता. तेव्हापासून नमुना फाइलमध्ये आयडीच्या जागी मी गेटवेचा अनुक्रमांक आपोआप भरला जाईल अशी सोय ठेवतो.

गेटवे ऑनलाइन आहे, पण सेन्सर दिसत नाहीत, ही तक्रार वेगळ्या जातीची. लोरावॅनमध्ये (सेन्सरसाठीच्या लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यात) आधी प्रदेशाचा फ्रिक्वेन्सी आराखडा पाहावा; जिथे ६४ चॅनेल आहेत आणि गेटवे त्यांपैकी आठच ऐकतो, तिथे सेन्सर एका गटावर बोलतो आणि गेटवे दुसऱ्या गटावर कान लावून बसतो. वाय-फायच्या बाबतीत बहुतेक साधे सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हे लक्षात ठेवले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. झिगबी हे सेन्सरसाठीचे जवळच्या पल्ल्याचे रेडिओ जाळेही याच पट्ट्यात राहते, म्हणून वाय-फायचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्के करून झिगबीला त्यापासून दूर ठेवावे. झिगबीचा डोंगल यूएसबी ३ पोर्टला थेट खोचलेला असेल तर त्या पोर्टचा गोंगाटच त्याला बहिरा करतो. हातभर लांबीची वायर लावून तो बाजूला घ्यावा.

वॉचडॉगविषयी (जोडणीवर नजर ठेवून अडकलेला गेटवे आपोआप रिबूट करणाऱ्या सोयीविषयी) माझे मत थोडे कडवट आहे. दर १० सेकंदांनी पिंग आणि उत्तर न आल्यास रिबूट, ही व्यवस्था कागदावर शहाणपणाची दिसते. ८४ बाइटचे पिंग आणि तेवढेच उत्तर धरले तर महिन्याला सुमारे ४३ एमबी नुसते ‘आहेस का’ विचारण्यात जातात आणि लहान डेटा योजनेच्या सिमसाठी ते पुष्कळ झाले. ज्या सर्व्हरला पिंग करतो तोच बंद पडला, तर सगळे गेटवे एकदम आणि पुन्हा पुन्हा रिबूट होतात. मी पाच मिनिटांचे अंतर, दोन वेगळे पत्ते आणि आधी फक्त मोडेम रिसेट, असे ठेवतो. पूर्ण रिबूट तासाभरानंतर.

दोष सापडला की दुरुस्ती दुरूनच करायची असते, म्हणजे ज्या फांदीवर बसलो आहोत तिलाच करवत लावायची असते. चुकीचा एपीएन लावून ‘सेव्ह’ दाबले की त्या गेटवेकडे जाण्याचा आपला रस्ताही त्याच क्षणी बंद होतो. म्हणून बदल करण्याआधी गेटवेवर एक काम लावून ठेवतो: १० मिनिटांत मी परत आत येऊन ते रद्द केले नाही, तर जुनी कॉन्फिगरेशन फाइल परत लावून रिबूट व्हायचे. मग बदल करतो, टनेल तुटतो, फोनवरचा माणूस ‘आता दिवा लाल झाला’ असे सांगतो आणि मी घड्याळाकडे पाहत त्याला कशालाही हात न लावण्याची पुन्हा एकदा विनंती करतो.